प्रकल्प नोंदी: आडत, काटा आणि बारदाना

३० सप्टेंबर २०२४, सोमवार

आज पहिली मीटिंग झाली. मीटिंग म्हणजे काय, तर लातूरच्या मार्केट यार्डात आडत दुकानाच्या (शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून द्यायचं दुकान) गादीवर मांडी घालून दोन तास, त्यात दोन चहा, अर्धी प्लेट निलंगा राइस आणि मालकाचे सतरा फोन. काम असं आहे की दुकानात १९९८ पासून एकच प्रोग्राम चालायलाय, डॉसवरचा, फॉक्सप्रोमधला, लिहिणारा माणूस कधीच हैदराबादला जाऊन तिथून पुढं कुठं गेला कुणाला माहीत नाही. जुनं मशीन महिन्यातून दोनदा मान टाकतंय आणि नव्या ६४ बिटच्या विंडोजवर हा प्रोग्राम उघडतच नाही. मालकाला सगळं नवीन पाहिजे. "पण दिसायला असंच पाहिजे, मुनीमकाकांना तरास नको."

रेट सांगितला, पूर्ण कामाचे ८५ हजार, तीन महिने. मालक म्हणले, "माल काय काय येणार?" म्हणलं माल काही नाही, सॉफ्टवेअर आहे. "मग ८५ कशाचे?" शेवटी एक नवा कॉम्प्युटर आणि युपीएस मीच आणून देतो, त्याचे वेगळे, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. पुण्यात चौदा वर्षं नोकरी केली, तिथं नुसत्या बोलण्याचे तासावर पैसे मिळायचे आणि समोरच्याला त्यात वावगं वाटायचं नाही. आपल्याकडं सल्ला फुकट, सल्ल्यासोबत एखादं खोकं आलं की मग पैसे. खोक्यावर कमिशन ठेवून सल्ला फुकट द्यावा हा धंदा इथं सगळे करतात आणि मला अजून जमत नाही, हे पण लिहून ठेवतो.

मुनीमकाकांनी गाव विचारलं. म्हणलं औशाच्या पुढं, किल्लारी रोडला. तर काका कॅलेंडरकडं बघून म्हणले, "आज तारीख काय हाय ठावं हाय ना." ठाऊक आहे. १९९३ ची ३० सप्टेंबर, पहाटे तीन छप्पन, किल्लारीचा भूकंप. मी नऊ वर्षाचा होतो, आदल्या रात्री गणपती बुडवून उशिरा झोपलेलो. त्यावर कुणी काही जास्त बोललं नाही, मालकाचा अठरावा फोन आला.

८ ऑक्टोबर, मंगळवार

डेटा हातात आला. डीबीएफ फायली (फॉक्सप्रोचे डेटाचे तक्ते), एकूण ४६, नावं अशी की डोकं धरावं. एकात शेतकऱ्यांची खाती, एकात हिशेबाच्या पट्ट्या, एकात उचल (आगाऊ नेलेले पैसे). मराठी मजकूर इस्कीमध्ये (भारतीय लिप्या साठवायची युनिकोडच्या आधीची पद्धत) आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर मराठी दाखवायला सीडॅकचं जिस्ट कार्ड लावायचे त्या जमान्यातला. हे मात्र नशीब, कारण युनिकोडची देवनागरी मुळात इस्कीच्याच मांडणीवर बेतलेली, एका तक्त्यानं बहुतेक सगळं उतरतं. फॉन्टमधी टाइप केलेला डेटा असता (असले पण क्लायंट केलेत) तर पंधरा दिवस नुसते वेलांटी कुठं गेली ते बघण्यात गेले असते.

अडकलं ते 'ऱ्ह' ला. वऱ्हाडे आडनावाची खाती जुन्यात आहेत आणि नव्यानं टाइप केलं की सर्चला सापडत नाहीत, डोळ्याला दोन्ही एकच दिसतंय. कारण ते अक्षर दोन तऱ्हेनं साठवता येतं, एक पायमोड्या रच्या पुढं न दिसणारा जोडक टाकून आणि दुसरं नुक्तावाला ऱ घेऊन. एआयकडून कन्व्हर्टर लिहून घेतला होता, दहा मिनिटांत दिला बेट्यानं, माझा एक दिवस वाचवला, पण ही गोम त्यात नव्हती. शेवटी सगळी नावं एका साच्यात आणायची ओळ मीच टाकली.

अजून एक गंमत. फॉक्सप्रोत रेकॉर्ड डिलीट केलं म्हणजे ते जात नाही, त्याच्या पहिल्या बाइटवर फक्त तारा पडतो, पॅक कमांड मारली तरच खरं पुसलं जातं. आणि ती कमांड या दुकानात २६ वर्षांत कुणी मारलेली नाही. तारा पडलेली खाती बाराशेच्या वर निघाली. ही नव्यात घ्यायची का सोडायची हे विचारायला मुनीमकाकांना यादी दाखवली तर ते चष्मा वर करून वाचायलाच बसले. "ह्यो वारला. ह्यो लेकराकडं पुण्याला गेला. ह्यो वारला. ह्याची जमीन रोडात गेली. ह्यो..." इथं थांबले, आणि तोंड वाकडं करून म्हणले, "ह्यो समोरच्या आडतीला गेला." मेलेल्यांची नावं घेताना त्यांना एवढं वाईट वाटलं नव्हतं.

ठरलं: तारेवाले घ्यायचे, पण लपवून.

१५ ऑक्टोबर

काही काम नाही. नळाला आठ दिवसांनी पाणी आलं, सकाळी पाच ते सात मोटर, टाकी, ड्रम, परत मोटर. मुलीनं शाळेत माझा व्यवसाय 'कम्प्युटर दुरुस्ती' लिहिला. अण्णा (वडील) गावात हेच सांगतात. बायको म्हणली खोडायचं कशाला, कन्सल्टंट लिहिलं तर बाईंनी तिला अर्थ विचारला असता.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सगळा दिवस एका केबलीत गेला. दुकानासमोरच्या इलेक्ट्रॉनिक काट्याच्या डिस्प्लेला मागं नऊ पिनांचा पोर्ट आहे, तिथून वजन सतत बाहेर येत राहतं, आकडे आणि किलोचं चिन्ह, पुन्हा आकडे. आत्तापर्यंत मापाडी ओरडून वजन सांगायचा आणि काका लिहायचे. आता ते थेट मशीनमध्ये घ्यायचं. नव्या कॉम्प्युटरला तो पोर्ट नाही म्हणून बाजारातून यूएसबीचा कन्व्हर्टर आणला, ३५० रुपये. लावला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि शेजारी चक्क लिहून आलं की ही चीप २०१२ पासून बंद आहे, विक्रेत्याशी संपर्क करा. म्हणजे चीप जुनी नाहीतर नक्कल, आणि कंपनीनं नव्या ड्रायव्हरमधून तिला सरळ जातीबाहेर टाकलंय. विक्रेत्याशी संपर्क केला. तो म्हणला, "सर जुना ड्रायव्हर टाका की, सगळे तेच करतात."

टाकला असता, चाललं पण असतं, पुढच्या विंडोज अपडेटपर्यंत. आणि ते अपडेट सोयाबीनच्या ऐन आवकीत रात्री येणार आणि सकाळी सात वाजता मला फोन येणार. वेगळ्या चीपचा कन्व्हर्टर मागवला, ११०० ला. मालकाला फरक समजावण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात मीच तो खिशातून भरला असता तर बरं झालं असतं.

दुसरं, काटा स्थिर व्हायच्या आत आकडा उचलला तर चुकतो. कट्टा (पोतं) आपटून ठेवला की आधी ५८ दाखवतो, मग ५४, मग ५५.२ वर येऊन थांबतो. म्हणून लागोपाठ पाच वेळा तोच आकडा आला तरच घ्यायचा असं केलंय. मापाडी मामा बघत होते, म्हणले, "मी पण तेच करतो, पण मी तीनदा बघतो." तीन करून बघितलं. तीन पुरतंय.

२६ ऑक्टोबर, शनिवार

हे जरा सविस्तर लिहितो.

जुन्या प्रोग्रामचा कोड वाचायलो होतो, पट्टी कशी काढतो ते बघायला. पट्टी म्हणजे शेतकऱ्याचा हिशेब: वजन, भाव, त्यातून हमाली, तोलाई, उचल असेल तर ती, आणि खाली हातात येणारी रक्कम. वजनाच्या ठिकाणी एक ओळ सापडली. काट्यावर आलेल्या एकूण वजनातून कट्ट्यांची संख्या गुणिले एक किलो वजा. बारदाना कट. पोत्याचं स्वतःचं वजन वजा करायचं ही गोष्ट बरोबरच आहे, पोत्याला कोण भाव देईल. पण छापील पट्टीवर ही ओळ येतच नाही, तिथं थेट निव्वळ वजन येतं.

घरी येऊन किचनच्या काट्यावर रिकामी पोती ठेवून बघितली. बायको म्हणली आता हे काय नवीन. तागाची गोणी भरली ६४० ग्रॅम. प्लास्टिकचा पांढरा कट्टा, जो आजकाल बहुतेकांचा असतो, तो भरला १३० ग्रॅम. १३० ग्रॅमच्या पिशवीपायी एक किलो. कोड लिहिला तेव्हा सगळं गोणीतच यायचं, मग एक किलो म्हणजे फार तर वरकड धरल्यासारखं होतं. गोणी गेली, प्लास्टिक आलं, ओळ तशीच राहिली. कुणी मुद्दाम काही केलं असेल असं नाही, पण कुणी बदलली पण नाही.

आणि मग दुसरी फाइल उघडली, खरेदीदाराला माल देतानाची. तिथं कट ७०० ग्रॅम. म्हणजे शेतकऱ्याकडून एक किलो कापून घेतला, पुढं ७०० ग्रॅम दिला, मधले ३०० एका कॉलममध्ये जमा, कॉलमचं नाव 'वाढ'. मागच्या हंगामात ३१ हजार कट्टे. ३०० ग्रॅमनं गुणलं तर ९३ क्विंटल.

कॅल्क्युलेटर बंद करून बसलो. अण्णा वीस वर्षं याच यार्डात माल आणतात, या दुकानात नाही, दुसऱ्या एका आडतीवर. गावाकडं फोन लावून म्हणलं अण्णा जुन्या पट्ट्या आहेत का. आहेत, ट्रंकेत, कॅरीबॅगमध्ये गुंडाळून. फोटो मागवले, शेजारच्या पोरानं पाठवले. सगळ्यांवर कट्टे आणि निव्वळ वजन. मधलं काही नाही.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. दुकानात वहीपूजनाला बोलवलं होतं. नवा कॉम्प्युटर पण पाटावर, त्याला हळदीकुंकू, कीबोर्डवर पडलेला भंडारा मी नंतर फुंकून काढला. वहीची पूजा अजून होते, जरी त्या वहीत वर्षभर काही लिहिलं जात नसलं तरी.

काकांनी माळ्यावरून एक लाल वही काढून आणली, म्हणले तुमच्या भागातली आहे. १९९३-९४ ची खतावणी. किल्लारी, सास्तूर, आजूबाजूची गावं, पानंच्या पानं, आणि प्रत्येक खात्याच्या नावे बाकीवर एक उभी रेघ. खाली काही शेरा नाही, रक्कम माफ वगैरे शब्द नाहीत, नुसती रेघ. मालकाच्या वडिलांनी एका दिवसात बसून मारल्या म्हणे. "रडत नव्हते, पण कुणाला बोलू बी देत नव्हते."

मी त्या वाढ नावाच्या कॉलमबद्दल आज बोलणार होतो. बोललो नाही. सणाचा दिवस होता हे कारण, आणि ती वही हे पण कारण. एकाच घराच्या हिशेबात ती रेघ पण आहे आणि हा कॉलम पण आहे, आता यांना एका शब्दात काय म्हणायचं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

बोललो. मालक चिडले नाहीत, मला चिडतील असं वाटलं होतं. म्हणले, "तुम्हाला काय वाटलं मला ठाऊक नाही? माल गोडाऊनला पडतो, वाळतो, उंदीर खातो, कट्टा फाटतो, ते कुणाच्या घरातून द्यायचं?" ते पण खरं आहे, तूट येतेच. म्हणलं मग तूट म्हणून लावा, पण पट्टीवर दिसू द्या. एकूण वजन, बारदाना कट, निव्वळ, तीन ओळी, दुसरं काही नको.

त्यावर जे म्हणले ते मला आजपर्यंत कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. "लाईनीत दीडशे आडत असतील. समजा मी एकट्यानं छापलं. शेतकरी पट्टी बघणार, म्हणणार ह्यानं वीस किलो कापले. समोरच्याची पट्टी बघणार, तिथं कापल्याची ओळच न्हाई. मग कोण चोर ठरला?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुण्यात असतो तर काहीतरी स्लाइड करून दिली असती.

बाहेर सौदा निघायला होता, सोयाबीन हमीभावाच्या बरंच खाली. यंदाचा हमीभाव क्विंटलला ४८९२. सरकारी खरेदी केंद्रावर घेऊन जावं तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो, आणि यंदा पाऊस जाता जाईना त्यामुळं कुणाचा १५, कुणाचा १८. एकजण हातात मूठभर दाणे घेऊन दातानं फोडून बघायला होता आणि शेजारी मॉश्चर मीटर ठेवलेलं.

१७ नोव्हेंबर

ओलाव्याची अट १२ वरून १५ केली, बातमी फिरायली. मालकाचा भाचा म्हणला, "सर हे सगळं एआयनं एका दिवसात होतंय, तुम्ही तीन महिने काय करायलाव?" प्रश्न वाईट नाही. कोड खरंच बराचसा त्यानंच लिहिला, मी तपासला. तीन महिने कशात जातात तर केबलीत, वऱ्हाड्यांत, आणि एक किलोत. पण हे बिलात कसं लिहायचं ते कळत नाही. चाळीस वर्षाचा झालो, दहा वर्षांनी हे काम कोणत्या रूपात असेल याचा रात्री विचार करतो, मग पाच वाजता नळ येतो.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल मतदान, यार्ड बंद होतं. आज बोटावर शाई आणि कामावर कमी माणसं. मी, काका आणि दोन हमाल दादा चहाला बसलो होतो, बोलता बोलता पट्टीचा विषय निघाला, मी कुणाचं नाव न घेता अडचण सांगितली. एक दादा म्हणले, "त्यात काय एवढं. पिलॅस्टिकला येगळा कट, गोणीला येगळा. आन् पाटीवर लिहून टाका, आमच्याकडं पिलॅस्टिकला अर्धाच किलो. मग लोक समोरच्याला इचारतील, तुज्याकडं किती रे?"

मी चहाचा कप खाली ठेवला. पंधरा दिवस मी तीन ओळी कशा छापायच्या यावर विचार करायलो होतो, आणि ह्या माणसानं ती लपवायची गोष्टच जाहिरात करून टाकली. काकांनी मालकाला सांगितलं, (पुढचं नंतर जोडलंय) मालक दोन दिवस काही बोलले नाहीत, नंतर कळलं की ते दोन खरेदीदारांशी बोलून आलेत, प्लास्टिकला पुढं ४०० ग्रॅम कट घ्यायचा म्हणून. म्हणजे त्यांचे १०० ग्रॅम राहिलेच. मला ते तेवढं आवडलं नाही, पण एक किलोवरून अर्ध्यावर आलं आणि कागदावर आलं, आणि उंदीर खरंच आहेत, परवा माझीच केबल कुरतडली.

४ डिसेंबर, बुधवार

चालू केलं. सकाळी आठला पहिली पट्टी निघाली, दहाला तिसरी अडकली कारण नावात टिंब होतं, बारापर्यंत सुरळीत.

प्रिंटरवरून वाद झाला होता. मी थर्मल सुचवला होता, लहान, वेगवान, आवाज नाही. काका म्हणले त्याचा कागद उडतो. पेट्रोलपंपाची पावती गाडीत ठेवली की महिन्यात कोरी होते तसं. शेतकरी पट्टी वर्षानुवर्षं ठेवतो, अण्णांची ट्रंक मी बघितलेली असून माझ्या डोक्यात हे आलं नाही, याची लाज वाटली. मग जुना डॉट मॅट्रिक्सच ठेवला, कार्बनसकट. त्यावर मराठी अक्षर चित्र म्हणून छापावं लागतं, त्यामुळं एक पट्टी निघायला वीस सेकंद, कर्र कर्र कर्र. लोक उभे राहतात. वीस सेकंदात माणूस तीन ओळी वाचून काढतो, हा फायदा मी ठरवून केलेला नाही.

दारात पाटी लागली, खडूनं. बॅकअपचा पेनड्राइव्ह गल्ल्यात, लक्ष्मीच्या फोटोखाली.

१६ डिसेंबर, सोमवार

अण्णांनी भाव वाढंल म्हणून घरात ठेवलेलं सोयाबीन आणलं, २२ कट्टे. मी म्हणलं होतं एकदा इथं घाला. मी त्या दिवशी मुद्दाम दुकानात गेलो नाही. संध्याकाळी घरी आले, टोपी काढली, पट्टी टेबलावर ठेवली आणि बोट लावून म्हणले, "हे काय हाय?"

एकूण वजन १२१४.६. बारदाना (प्लास्टिक) २२ × ०.५ = ११.०. निव्वळ १२०३.६.

"माजा आडत्या वीस वर्षात एक किलो कापला न्हाई. तुज्या दुकानानं एका दिवसात अकरा कापले."

मालकाचं वाक्य जसंच्या तसं माझ्याच घरात येऊन बसलं. मी समजावलं. तिकडं पण कापतात अण्णा, दुप्पट कापतात, फक्त लिहीत नाहीत. "तू बगितलास का कापताना?" नाही बघितलं. "मग?" किचनचा काटा काढला, रिकामा कट्टा ठेवून १३० दाखवले. अण्णा म्हणले, "मग ह्यानी तरी पाचशे का कापावं?" आता बोला. उंदराचं सांगितलं. "उंदीर त्याचा, कापायचं माजं."

बायको आतून हसायली होती. जेवताना अण्णा एवढंच म्हणले की पुढच्या बारीला घरून वजन करून नेतो, मग बघू कोण किती कापतंय. गावात पिठाच्या गिरणीवर काटा आहे. मी वीस वर्षं सॉफ्टवेअर करायलोय, आणि या सगळ्या भानगडीतली खरी तपासणी गिरणीवरच्या काट्यावर होणार.

३० डिसेंबर, सोमवार

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. लॅपटॉप घरी, फोन सायलेंट. लातूर आज अर्धं रिकामं असतं, सगळे शेतात. कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडले, आई आंबिलाचा माठ घेऊन आलेली, भज्जी, उंडे, बाजरीची भाकरी, गव्हाची खीर. कुणालाही बोलवायचं असतं, रस्त्यानं जाणाऱ्याला सुद्धा. भज्जी करायला आदल्या दिवसापासून बायका राबतात आणि बाप्ये वरून मीठ कमी म्हणतात, हे काही बदललेलं नाही. मुलीनं पहिल्यांदा आंबील नाक न मुरडता पिली.

अण्णा पाहुण्यांना सांगायले होते, "ह्यानं काप दाखवायचं मशीन काढलंय." कम्प्युटर दुरुस्तीपेक्षा हे बरं आहे. एक पाहुणा म्हणला, आमच्या आडत्याला मी परवा विचारलं प्लास्टिकला किती कट, तर तो म्हणला आमच्यात कट नसतोच. बरं म्हणलं, मग समोर ठेवून एक कट्टा मोजू. तर म्हणला आज काटा बंद आहे.

१० जानेवारी २०२५, शुक्रवार

बिलाचा दिवस. ८५ हजार. मालक म्हणले बसा, चेक देतो, काका पट्टी काढा. म्हणलं पट्टी कशाची? तर काकांनी माझं खातं उघडलेलं, आणि सिस्टीममध्ये शेतकरी, खरेदीदार, हमाल एवढेच प्रकार आहेत (मीच केलेत), म्हणून मला शेतकरी केलं. माल: सॉफ्टवेअर. कट्टे १. वजन भरल्याशिवाय पुढं जात नाही म्हणून १०० किलो, भाव क्विंटलला ८५०००. एंटर मारलं. कर्र कर्र कर्र.

एकूण १००.०. बारदाना १ × ०.५. निव्वळ ९९.५. रक्कम ८४५७५.

मालकानी चष्मा लावून वाचलं, आणि चेकवर तोच आकडा घातला. म्हणलं मालक, ४२५ कमी आहेत. "सिस्टीमनं काढलंय. तुम्हीच लिवलंय." टीडीएस कापला असता तर निदान रिटर्नमध्ये परत तरी मागता आला असता, हे कुणाकडं मागू. मी काकांना विचारलं, कट प्लास्टिकचा का लावला, गोणीचा का नाही. काका मान न उचलता म्हणले, "पुण्याचा माल पिलॅस्टिकमधीच येतो."

नोंदवतो. बग ४१: बिनवजनाच्या मालाला बारदाना कट लागतोय. माल प्रकारात 'सेवा' टाकणे. उद्या यार्डात गेल्यावर बघतो, काकांना आधी विचारून.